टूथपेस्टची खोकी

मोठ्या बाई दुसरीच्या वर्गात शिरल्या त्याच नाक मुरडत. मागच्या बाकावर बसून त्यांनी वही उघडली. तीन वर्षं हंगामी असलेल्या वर्गाच्या बाईंना कायम करायचं की नारळ द्यायचा, ते आज ठरणार होतं. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. नवऱ्याने वर्गाच्या बाईंना सकाळीच बजावलं होतं, आज तोंड आवर.

भिंतीवर पोरांनी स्तंभालेख केला होता: शाळेत कोण कसं येतं. ज्याने त्याने घरून आणलेलं रिकामं खोकं चालत, सायकल किंवा बस, अशा आपल्या रांगेत एकावर एक चिकटवलं होतं. चालणाऱ्यांच्या होत्या काडेपेट्या. बसवाल्यांनी टूथपेस्टची लांबलचक खोकी आणून उभी लावली होती. बाईंनी मुद्दाम चूक तशीच राहू दिली. चूक पोरांनीच पकडावी, ही त्यांची जुनी खोड.

मोठ्या बाईंना कुठला धीर. त्या पट्टी घेऊन पुढे आल्या आणि सर्वांत जास्त मुलं बसने येतात, हे दिसतंच आहे, असं वर्गाला सांगून मोकळ्या झाल्या.

पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी उभी राहिली. "नाही. आम्ही चालणारे अकरा आहोत. बसचे पाचच आहेत, त्यांची खोकी उंच आहेत."

वर्ग खिदळला. मोठ्या बाईंनी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. हिला गप्प कर, मग तुझं बघते, असं ती नजर स्वच्छ सांगत होती. बाईंना 'खाली बस' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते ओठांवर आलंही होतं. पण मुलगी त्यांच्याकडेच बघत उभी होती.

"तिचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मोजून बघा हवं तर."

मोठ्या बाईंनी मोजलं नाही. उभ्याउभ्याच पानभर खरडलं, सही ठोकली, खालची कार्बन प्रत टेबलावर टाकली आणि निघून गेल्या. आलेख चुकीचा. वर्गावर वचक नाही. कायम करू नये. मघाशी हाच आलेख वर्गाला वाचून दाखवणाऱ्या मोठ्या बाईंचा वर्गाच्या बाईंना संताप आला.

मग त्यांनी ती प्रत उलटली. मागची बाजू कोरी होती. पट्टीने आखून त्यांनी चोवीस सारखे चौकोन कापले, आणि खोकी काढून पोरांनी ते चिकटवले. बसचा स्तंभ सगळ्यांत बुटका झाला.

महिनाअखेरीस बाई शाळा सोडून गेल्या. त्याच दिवशी मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने तो आलेख उखडला. प्रत्येक चौकोनामागे त्यांचंच अक्षर होतं.