चाफ्याच्या तोंडातला लगाम

मी एक जुना लगाम आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला. माझ्या एका बाजूला मालनवहिनींची छत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला बाजाराची पिशवी. या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, मग घोड्याचा लगाम कशाला जपून ठेवलाय, असं पाहुणे विचारतात. घरधनी जयवंत खिडकीबाहेर बघत बसतो. त्याची बायको, मालनवहिनी, चहाच्या निमित्ताने उठतात. म्हणून मित्रांनो, उत्तर मीच देतो.

माझा जन्म भायखळ्याच्या एका गल्लीत झाला. चामड्याचे दोन लांब पट्टे, डोक्यावरून जाणारी एक वादी आणि घोड्याच्या तोंडात, जिभेवर आडवी बसणारी लोखंडी कडी, एवढाच माझा देह. कारागिराने ती कडी आधी स्वतःच्या गालावर घासून पाहिली, कुठे टोचत तर नाही ना म्हणून. जगात माझ्या वाट्याला अशीच माणसं येणार, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. माझं काम साधं होतं. वर बसलेल्याच्या हाताला जे सांगायचं असेल, ते खाली घोड्याच्या जिभेपर्यंत पोचवायचं.

रेसकोर्सच्या तबेल्यात मला चाफा भेटला. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, त्याच्या मालकालाही ते एका दमात म्हणता येत नसे. पण त्या तांबूस घोड्याच्या कपाळावर पाच पाकळ्यांचा पांढरा ठिपका होता. गिरणगावातल्या माणसांनी तो पाहिला आणि त्याचं बारसं करून टाकलं. जयवंत त्याचा मोतद्दार, म्हणजे घोड्याचा खरारा, दाणा, पाणी, फिरवणं सगळं बघणारा माणूस. जयवंतला स्वतःच्या डब्यात काय आहे हे ठाऊक नसायचं, पण चाफ्याने आज दाणा किती चावला आणि किती नुसता चघळला हे तो बरोबर सांगायचा.

पहिल्या वर्षी चाफा जिंकत गेला. शेवटच्या सरळ पट्ट्यावर घोडे आले की स्वस्त तिकिटांच्या बाजूने लालबाग-परळची माणसं कठड्यावर ओणवी होऊन ओरडायची. सर्वांत पुढे सीताराम तात्या असत. गिरणी गेली, बायको गेली, पण तात्यांचा रेसचा रविवार काही गेला नाही. 'चाफ्याऽऽ' अशी त्यांची आरोळी उठली की मागून हजार गळे साथ देत. त्या क्षणी जॉकीचे हात ढिले होत, मी चाफ्याच्या तोंडात पिसासारखा हलका होई आणि तो सुटे. आपलं नाव म्हणजे मोकळीक, एवढंच त्या जनावराला तेव्हा कळत होतं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चाफ्याच्या जिंकण्यापेक्षा त्याच्या हरण्यात जास्त कमाई आहे. सगळं पब्लिक एका घोड्यावर पैसे लावतं आणि तो हरणार हे मोजक्या लोकांना आधीच माहीत असतं, तेव्हा त्या मोजक्यांचं चांगलंच फावतं. मला कुणी काही सांगितलं नाही. मला ते हातांतूनच कळलं. जॉकीचे खांदे पुढे-मागे होत, चाबूक हवेत फिरे, लांबून बघणाऱ्याला वाटावं की गडी जीव तोडतोय. मुठी मात्र माझ्यावर घट्ट मिटलेल्या असत. कठड्यावरून नावाचा गजर उठला रे उठला की माझी कडी चाफ्याच्या जिभेत रुतायची. तो मान वर करून तोंड उघडायचा आणि मागे पडायचा.

याला रेसच्या भाषेत घोडा खेचणं म्हणतात. हा शब्द कठड्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होता. खेचला, खेचला म्हणत माणसं तिकिटं फाडत, शिव्या घालत आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच जागी उभी राहत. एकदा चौकशीही झाली. घोड्याचा मूड नव्हता, असं जॉकीने सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. जयवंतला माझ्या कडीवर रक्त दिसलं, तेव्हा त्याने ट्रेनरला विचारलं. घोड्याचं तोंड नाजूक आहे, तू तुझा खरारा बघ, असं उत्तर आलं. त्याने मला नळाखाली बराच वेळ धुतलं.

त्या संध्याकाळी तात्या फाटकाबाहेर त्याची वाट बघत थांबले होते. तात्या रागावतील असं जयवंतला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "जनावर लबाडी करत नाही रे जयवंता. पुढल्या रविवारी त्याला माझा आवाज ओळखू येईल बघ."

मित्रांनो, आवाज त्याला ओळखू येतच होता. तेच तर वाईट झालं.

एका रविवारी जॉकीला जिंकायचा हुकूम होता. त्याने मला अगदी सैल सोडलं. सरळ पट्टा आला, आरोळी उठली आणि चाफ्याने आपणहून मान वर केली, तोंड उघडलं आणि वेग सोडला. खेचणाऱ्यांनी त्या दिवशी त्याच्यावर लावलेले पैसे बुडाले, मला त्याचं जरासुद्धा दुःख झालं नाही. पण घोडा कामातून गेला असं मालकाने जाहीर केलं आणि त्याला काढायचं ठरलं.

जयवंत धावपळ करून भायखळ्याच्या रमाकांत शेटना भेटला. शेटचा तबेला वरातीच्या घोड्यांचा. त्यांनी चाफ्याला घेतलं, जयवंतलाही घेतलं, पण अट रोखठोक होती. वरातीत चालला तर राहील, अडला तर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जाईल. भट्टीवर घोडे किती टिकतात हे जयवंतला माहीत होतं. निघताना त्याने जुन्या तबेल्यातून मला मागून घेतलं. ओळखीची कडी तोंडात असली की जनावर बिचकत नाही, असं प्रत्येक जुना मोतद्दार मानतो. दुसऱ्या कुठल्याही घोड्याच्या बाबतीत ते खरं ठरलं असतं.

माहीमला, दादरला वराती नीट पार पडल्या. कपाळावर मुंडावळ्या आणि झेंडूच्या माळा असल्यामुळे त्याला कुणी ओळखलं नाही. मग लालबागची वरात आली. ऐन गल्लीत माळ सरकली आणि पांढरा ठिपका उघडा पडला. नाक्यावर उभे असलेले तात्या दोन पावलं पुढे आले.

"माझो चाफो रे तो," ते भान विसरून गावच्या बोलीत म्हणाले आणि कठड्यावरची जुनी आरोळी त्यांनी दिली. "चाफ्याऽऽ!"

गल्लीने ती उचलली. गॅलऱ्यांतून बायका वाकल्या, कुणी गूळ आणला, कुणी औक्षणाचं ताट घेऊन खाली धावलं. वर्षानुवर्षं ज्याच्यावर हरले, त्याच्यावर ती माणसं फुलं उधळत होती. आणि चाफा थांबला. मान वर, तोंड उघडं. मी सैल लोंबत होतो, मला कुणाचा हात लागलेला नव्हता. तरी तो दुखण्याची वाट बघत उभा राहिला. मित्रांनो, माझ्या कडीने त्याला पुष्कळ काही सोसताना पाहिलंय, पण त्या वाट बघण्याइतकं भयंकर काही नाही.

घोडा हिरमुसलाय असं समजून माणसं आणखी जोराने ओरडू लागली. प्रत्येक हाकेला तो एक पाऊल मागे जाई. नवऱ्या मुलाचे मामा तापले. रमाकांत शेट गर्दीतून आले आणि उद्या भट्टीवाल्याची गाडी बोलावतो, असं जयवंतच्या कानाशी म्हणाले. जयवंतने चाफ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात बोटं घातली. मी सैल आणि उघडा जबडा मात्र दगडासारखा ताठ. तेव्हा त्याला कळलं. तो सरळ तात्यांकडे गेला आणि त्याने हात जोडले.

"तात्या, त्याचं नाव घेऊ नका. नाव घेतलं की त्याला खेचत होते."

तात्यांचा चेहरा मला आजही दिसतो. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, बँडवाल्यांना थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवून गल्लीभर फिरले. लालबाग गप्प झालं. जयवंतने मला चाफ्याच्या तोंडातून काढून खांद्यावर टाकलं आणि त्याच्या मानेभोवती आपला टॉवेल बांधला. चाफ्याने तोंड मिटलं. थोड्या वेळाने तो चालू लागला. मागे सगळी गल्ली चालत होती आणि टापांशिवाय कशाचा आवाज नव्हता. हॉलच्या दारात उभी असलेली मुलीकडची माणसं अशी वरात बघून आधी घाबरलीच, कुणी गेलं की काय म्हणून.

त्या रात्री जयवंतने मला घरी आणून या खिळ्याला टांगलं, पुन्हा कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून. शेटनी गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. चाफा आता वरातीला जात नाही, त्याचा चारा लालबागची माणसं आळीपाळीने पोचवतात. हीच माणसं रविवारी रेसलाही जातात, तिथे अजून घोडे खेचले जातात आणि हे अजून ओरडतात. तात्या मात्र रविवारी तबेल्यात येतात आणि चाफ्याजवळ मुकाट बसतात.

मागच्या महिन्यात जयवंत घरी येऊन चपला न काढताच उंबऱ्यात बसला. तात्यांनी आज चाफ्याच्या कानाशी त्याचं नाव घेतलं, असं त्याने मालनवहिनींना सांगितलं. अगदी हळू, स्वतःला ऐकू येईल एवढंच.

"मग?" वहिनींनी विचारलं.

"तोंड उघडलं गं त्याने. खूप वेळ उघडंच ठेवलं. मग मिटलं."

"आणि तात्या?"

"तात्यांनी नाव काही पुन्हा घेतलं नाही."

चाळीत कुणाच्या टीव्हीवर क्रिकेटचा गलका उठला की माझी कडी भिंतीवर आपोआप वाजू लागते. वहिनी हातातलं काम टाकून येतात आणि गलका थांबेपर्यंत मला तळव्याने दाबून धरतात. माझे बाकीचे भाऊबंद, म्हणजे आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू, तुम्हाला सांगत असतील, आम्हाला पुसा, तेल लावा, अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. ज्याच्यावर माया असेल त्याला खुशाल हाका मारा, मित्रांनो, पण तेव्हा लगाम कुणाच्या हातात आहे तेवढं बघत जा. आणि कधी या घरी आलात तर मला खिळ्यावरून काढू नका.