पेढे की पिठलंभात

सरूमावशीने ग्रुप सोडला त्याला अकरा दिवस झाले होते, आणि फोन बंद. ग्रुप म्हणजे न जेवणाऱ्या मुलांच्या आईबापांचा. वजनाचा विषय काढायचा नाही, जेवणाचे फोटो टाकायचे नाहीत, हे नियम. तरी सुशीलचे बाबा रोज मिसळीच्या फोटोवर 'शुभ सकाळ' लिहून पाठवत.

माझी बहीण मनस्वी आता अर्धी भाकरी खाते, ती रोह्याच्या या न पाहिलेल्या मावशीच्या जिवावर. मावशीची मुलगी अपेक्षा त्याच आजारात, फक्त एक वर्ष पुढे. "अपेक्षा सावरली की आपली पण सावरेल," आई म्हणायची.

ग्रुप सोडणारे दोन प्रकारचे. मूल बरं झालेले, आणि दुसरे. कुठले, ते कोणी विचारत नाही.

पेणहून निघताना आईने दोन डबे भरले. एकात पेढे. दुसऱ्यात पिठलंभात, कारण माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही.

"दोन्ही कशाला गो आई?"

"गप ऱ्हा, निल्या."

कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, "पेढेच लागतील. पिठलं आपण येताना खाऊ."

रोह्याला, अष्टमी गावातल्या घरी, दार मावशीच्या नवऱ्याने, केरूकाकांनी उघडलं. डोकं गुळगुळीत. पंचाईत अशी, की हे टक्कल जुनं की नवं, ते मावशीने कधी सांगितलंच नव्हतं. आईचा हात पिशवीत तसाच राहिला.

"पेणच्या ताई ना? या. काल दहावं झालं."

आत मावशी भिंतीला टेकून बसलेली. "कालपासून पाण्याशिवाय काय नाय," काका म्हणाले.

आईने दोन ताटल्यांत पिठलंभात वाढला, तिच्या शेजारी बसली आणि स्वतः खायला लागली. मावशीनेच शिकवलेलं: जेव म्हणायचं नाय, आपण जेवायचं, आणि जेवण सोडून काहीही बोलायचं.

आई बोलत सुटली. धरमतरच्या खाडीत रुतलेला मालाचा बार्ज. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर. मी नापास झालेले तीन विषय. खरे दोनच, पण मी दुरुस्ती केली नाही.

"मी तिला म्हणाले गो," मावशी मध्येच म्हणाली. "त्या दिवशी. जेव म्हणाले. एकदाच. वरडून."

आईच्या हातातला घास ताटलीत पडला. तिने तो पुन्हा उचलला, कसाबसा गिळला.

"आमच्या शेजारणीने," ती म्हणाली, "पोपट पाळलाय."

आमची परतीची गाडी निघून गेली. मावशीचा भात तसाच होता. पोपटाबद्दल सांगण्यासारखं फार काही नव्हतं, तरी आई सांगत होती.