सीनियर नाइटचे पहिले पाच

हे लिहिणार नव्हतो. दोनदा डिलीट केलं. पण डोक्यातून जात नाहीये.

मी ओहायोतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर. म्हणजे टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, आणि मॅचचे व्हिडिओ कापून कोचना देणं. व्हिडिओचं काम यूट्यूबवर बघून बघून शिकलो. टीममध्ये मराठी बोलणारे दोघंच. मी नागपूरचा, आणि देवदत्त, मिशिगनमध्ये नोव्हायला वाढलेला.

देवदत्त चार वर्षं बेंचवर. दर वर्षी वाटायचं, आता त्याचा नंबर. दर वर्षी कोच एखादा स्टार आणायचे. तो एक सीझन खेळून प्रो व्हायला निघून जायचा. आणि त्या स्टारला आमच्या सगळ्या चाली शिकवायचा कोण? देवदत्तच. यंदाच्या टायरीसलाही त्यानेच तयार केलं.

"तू काय यार, यांची बालवाडी चालवतोस," मी म्हणायचो.

"चार वर्षं झाली. आता प्रिन्सिपल म्हण."

पण एक गोष्ट ठरलेली होती. घरच्या कोर्टवरच्या शेवटच्या मॅचला, सीनियर नाइटला, शेवटच्या वर्षाची पोरं पहिल्या पाचात उतरतात. एरवी कितीही बेंचवर असोत. म्हणून मीच त्याच्या आईला, शोभामावशींना, फोन केला. "मावशी, शनिवारी देवदत्त पहिल्यापासून खेळणार. नक्की या." त्या तीन गाड्या भरून माणसं घेऊन आल्या.

शनिवारी दुपारी कोचनी लिस्ट दिली. देवदत्त नाही. जिंकलो तरच पुढच्या टूर्नामेंटमध्ये जागा होती, म्हणून रिस्क नको. "शेवटी उतरवतो त्याला," म्हणाले.

मॅचआधी सीनियर्स आईवडिलांना घेऊन कोर्टच्या मधोमध जातात, आईला फुलं देतात. देवदत्त गेला. मागोमाग टायरीसही गेला, कारण त्याचीही इथली शेवटचीच मॅच. कॉलेजात येऊन त्याला सात महिने झाले होते. टाळ्या त्यालाच जास्त.

दोन मिनिटं उरली. आम्ही सोळा पॉइंट्सनी पुढे. देवदत्तने वॉर्मअपचा शर्ट काढून मांडीवर ठेवला.

कोच विसरले. खरंच विसरले, मुद्दाम नाही. रेफरीशी वाद घालत होते. ते माझ्या खुर्चीच्या पुढ्यातच उभे होते. हात लांब केला असता तर त्यांची बाही हातात आली असती. पण पुढच्या वर्षी मला त्यांच्याच हाताखाली जॉब हवाय. चिडतील म्हणून गप्प बसलो. मॅच संपल्याचा हॉर्न वाजला.

बाहेर मावशी फुलं तशीच धरून उभ्या होत्या. "अरे, त्याचं काही चुकलं का?"

"नाही मावशी. कोचचा डिसिजन."

आज मंगळवार. सकाळी देवदत्तला खरं काय ते सांगून टाकलं. तो बुटाची लेस बोटाला गुंडाळत बसला.

"माहितेय मला," म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

"सॉरी यार," मी म्हटलं.

"माझं सोड. आईला अजून वाटतंय माझंच काहीतरी चुकलं. रोज फोन करून विचारते."

"रविवारी ड्राइव्ह करून नोव्हायला जातो," मी म्हटलं. "मावशींच्या समोर बसून सांगतो, की तुझं काही चुकलं नाही, मी गप्प बसलो. फोनवर नाही सांगणार. प्रॉमिस."