छाती अडतीसच भरली

मी शिंप्याची टेप बोलतेय. साठ इंची, पिवळी, पहिल्या तीन इंचांवरचे आकडे पुसून गेलेली. कारखान्यातून निघाले ती थेट मास्तरांच्या गळ्यात पडले, त्याला आता बावीस वर्षं झाली.

या बावीस वर्षांत माणसांच्या छात्या मोजून मोजून मी झिजले. छाती मोजताना फुगवायची, पोट मोजताना आत ओढायचं आणि मग कपडा तंग झाला की शिंप्याच्या नावानं शंख करायचा, ही माणसाची जातच. पण त्या सगळ्यांत सर्वांत शहाणे निघाले ते आमचे मास्तर.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनला मास्तर माडीवरच्या दुकानात एका वकिलाच्या कोटाला बाही जोडत होते. कोट पाचला द्यायचा होता. मध्येच मशीन थांबली. मास्तरांनी तळहात छातीच्या मधोमध दाबून धरला.

समोर त्यांची बायको काजं करत बसली होती. तिनं विचारलं, “काय होतंय?”

“काही नाही गं. सदरा तंग झालाय, छाती आवळल्यासारखी वाटतेय.”

आणि ह्या कसबी माणसानं काय करावं? ब्लेड घेतलं आणि स्वतःच्या सदऱ्याची काखेतली शिवण उसवली! तरी आवळणं कमी होईना. मग मला छातीभोवती गुंडाळलं. अडतीस. बावीस वर्षांपूर्वीही अडतीसच होती.

“बघ, माप बरोबर आहे. म्हणजे गॅसच,” मास्तर म्हणाले. डॉक्टर उगाच इतकी वर्षं शिकतात, एक टेप घेतली की झालं!

बायकोनं सोडा घालून पाणी दिलं. तेवढ्यात वकीलसाहेब कोट बघायला आले. वकील म्हटल्यावर सल्ला आलाच.

“ॲसिडिटी आहे मास्तर, मला रोज होते. चार फेऱ्या मारा, मोकळं वाटेल.”

मास्तरांनी दुकानात फेऱ्या मारल्या. मोकळं होणं राहिलं बाजूला, दुखणं डाव्या हातात उतरलं. म्हणाले, “कात्री धरून धरून हात भरून आलाय.” अहो मास्तर, कात्री तुम्ही उजव्या हातात धरता! मग जबडा दुखायला लागला. म्हणे दाढ. ती दाढ मागच्या वर्षीच काढून झाली होती. मळमळलं तेव्हा सोड्यावर खापर फुटलं. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे मापातलं उत्तर तयार होतं. घड्याळात पाच वाजले.

मला बोलता येत नाही, पण भिजता येतं. मास्तर मशीनवर वाकलेले असताना बायकोनं मला त्यांच्या गळ्यातून काढलं आणि ती दचकली.

“अहो, डोक्यावर पंखा आहे आणि टेप पिळून काढावी इतकी ओली? माझ्या थोरल्या भावाला झटका आला तेव्हा असाच गार घाम सुटला होता.”

तिनं फोन लावला. मास्तर कुरकुरले, “एवढ्याशा दुखण्याला ॲम्ब्युलन्स? लोक हसतील.”

“हसू देत. मी रडण्यापेक्षा बरं.”

वकीलसाहेबांनी उदार होऊन आपली गाडी देऊ केली. पण फोनवरच्या बाईनं बजावलं, “त्यांना जिना उतरायला लावू नका. बसवून ठेवा, एकटं सोडू नका, आम्ही निघालोय.” दहा मिनिटांत माणसं आली. त्यांनी मास्तरांचा सदरा कात्रीनं सरळ मधून कापला, तर हा गृहस्थ धापा टाकत म्हणतो, “शिवणीवरून कापा हो!”

बायकोच्या मुठीत चुरगळून मीही दवाखान्यात पोहोचले. डॉक्टरांनी विचारलं, “दुखायला कधी लागलं?”

“आत्ताच,” मास्तर म्हणाले.

“दोन तास होत आले,” बायको म्हणाली. “मी समोरच बसले होते. काजं करत.” आणि तिनं मला इतकं घट्ट आवळलं की माझ्यावर तिच्या नखांच्या खुणा उमटल्या. मला तिची फार दया आली.

बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, मास्तर वाचले. पण तेवढ्या वेळात हृदयाचा एक भाग कायमचा गेला. उसवलेलं सगळं शिवता येतं असं मास्तर आजवर म्हणायचे. हे मात्र त्यांच्या सुईच्या पलीकडचं होतं.

तेव्हा शहाण्यांनो, छातीवर असं दडपण येऊन हटेना, हाताकडे, पाठीकडे, जबड्याकडे सरकू लागलं, घाम फुटला, धाप लागली, तर कृपा करून माझ्यासारखीला शोधू नका. सगळी लक्षणं एकदम हजेरी लावतील म्हणून वाटही बघू नका. फोन करा. गॅस निघाला तर डॉक्टरांना हसू द्या बापड्यांना.

मास्तर आता सकाळी दोन तास दुकानात बसतात. जिन्यात दोनदा थांबून वर येतात. मी मशीनशेजारच्या खिळ्यावर लटकलेली असते. परवा त्यांनी सवयीनं मला गळ्यात घातलं आणि काढून बायकोच्या हातात दिलं.

“जड लागते गं,” म्हणाले.

माझं वजन ते किती, बटणांच्या पुडीएवढंही नाही.