बुरुलच्या खिशातली डबी

बाळांनो, क्षणभर आपल्या गळ्यावर बोट ठेवा. आत एक अरुंद वाट आहे, गालाच्या आतल्या बाजूसारखी ओली आणि नाजूक. माणसाला श्वास घेता येईनासा झाला की डॉक्टर त्या वाटेनं नळी घालतात. आत जरासं खरचटलं तर चार थेंब रक्त येतं नि थांबतं. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर? मग ते थांबता थांबत नाही. वाट दिसेनाशी होते आणि तेच रक्त छातीत उतरतं.

सागिन आजोबांना आमच्या नारीन शहरातल्या दवाखान्यात आणलं तेव्हा न्यूमोनियानं त्यांचे ओठ निळे पडले होते. बोलणं बंद. सोबत थोरला मुलगा तुरात, धाकटी सून बुरुल आणि तिची नऊ वर्षांची सेझिम.

भुलीच्या डॉक्टर कानिकेई यांनी घाईघाईनं विचारलं, "यांना कुठली गोळी चालू आहे? रक्त पातळ करायची वगैरे?"

"गोळी?" तुरात हसला. "अहो, गेल्या महिन्यात म्हातारा घोड्यावरून वरच्या कुरणापर्यंत जाऊन आला. गोळ्या तुम्हा शहरवाल्यांना लागतात!"

तुरात वर्षातून दोनदा घरी यायचा. आजोबांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रोज सकाळच्या चहाबरोबर रक्त पातळ करायची गोळी द्यायची ती बुरुल. गोळ्यांची डबी आताही तिच्या कोटाच्या खिशात होती. पण आमच्याकडे सून थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. त्याचं बोलणं खोडणं तर दूरच. तिनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

सेझिमनं तिचा कोट हलवला. "आई, सांग ना गं!"

"गप. मोठी माणसं बोलताहेत."

कळलं असतं तर डॉक्टरांनी आधी गोळीवरचा उतारा मागवला असता, कॅमेऱ्याची नळी आणवली असती, फार जपून हात लावला असता. कळलं नाही. नळी दोनदा अडली.

अर्ध्या तासानं डॉक्टर कानिकेई बाहेर आल्या. बाह्या रक्तानं भिजल्या होत्या. "गेले. रक्त थांबलंच नाही."

"मारलंत माझ्या बापाला!" तुरात गरजला. "साधी नळी घालता येत नाही, आणि म्हणे डॉक्टर!"

बुरुल भिंतीकडे तोंड करून रडत होती, तेही आवाज न करता.

सेझिमनं आईच्या खिशात हात घातला, डबी काढली आणि सगळ्यांदेखत थोरल्या काकांच्या तळहातावर ठेवली.

"आजोबांची आहे, काका. रोजची."