आलेखातला खड्डा

“काका, रोज एकाच ठिकाणी हा खड्डा का पडतो?” विभागप्रमुख बाईंनी पडद्यावरच्या आलेखाला पेन टेकवलं.

काकांना ठाऊक होतं. रुग्णालयाच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर किती भार पेलतं, हे मोजायचं त्यांचं काम. त्यासाठी एका माणसाचं टाइपिंग, त्यातल्या थांब्यांसकट, रेकॉर्ड करायचं आणि पाचशे माणसं एकदम बसल्यासारखं चालवायचं. ते टाइपिंग काकूंचं होतं. त्यांची हयात नोंदणीच्या खिडकीत गेली, म्हणून काकांनीच हौसेनं त्यांना बसवलं होतं. काकूंना जाऊन वर्ष होत आलं. तरी रोज दुपारी जेवणं उरकली, की काकू पाचशे खुर्च्यांवर येऊन बसत आणि काकांच्या अंगावर काटा येई. भीती वाटे, पण चाचणी त्यांनी कधी चुकवली नाही.

“ती तिथे थांबली होती,” काका म्हणाले.

“एखादी थांबेल हो. पाचशेच्या पाचशे एकाच रकान्याशी कशा थांबतील? तेवढ्यात सॉफ्टवेअर दम खातं, आणि आपण म्हणतो, काय पळतंय बघा. आपणच आपल्याला फसवतोय.”

त्यात खोट काढायला जागा नव्हती. काकांना तेच लागलं.

“जुनं पुसून टाका, नाहीतर कुणीतरी चुकून तेच लावेल. नवीन तुम्हीच रेकॉर्ड करा. थांबे कमीजास्त करायचं मी बघते.”

काकांनी शेवटचं म्हणून एकदा चालवलं. आलेख चढला आणि त्याच जागी खाली आला. तो रकाना जवळच्या नातेवाइकाचा. खोट्या रुग्णाची खोटी माहिती भराभर भरणाऱ्या काकू तिथे अडल्या होत्या आणि मान वळवून म्हणाल्या होत्या, “तुमचंच नाव घालू का? माझ्या नशिबी दुसरं आहे तरी कोण?”

“घाल काहीही. वेळ मोजला जातोय,” काका खेकसले होते.

काकूंनी काकांचंच नाव घातलं होतं. तेव्हापासून रोज पाचशे रुग्णांना काका एकटेच नातेवाईक.

त्यांनी ते जुनं रेकॉर्डिंग पुसलं. मग स्वतः बसले. नाव, वय, पत्ता झरझर झालं. त्या रकान्याशी बोटं थांबली.

“काहीही घाला, काका,” मागून बाई हळूच म्हणाल्या.

काका मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. रेकॉर्डिंग चालूच होतं.