मुंगसासाठी अंडं

पिंजऱ्याच्या तोंडाशी गुडघे टेकून जयप्रकाश आगाशेने आतल्या पत्र्यावर हलकेच बोट दाबलं. खटका सुटला आणि दार खाडकन खाली पडलं. ते पुन्हा वर उचलून त्याने अडकवलं, पाण्याची वाटी कोपऱ्यात सरकवली आणि वर गोणपाट पसरलं. पहाटेची अजान होऊन दहा मिनिटं झाली असतील.

"मुहंदिस, मिला?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"मफी, हज्जिया. अभी फिर लगाया."

भिंतीवरून काळ्या बाहीतला एक हात पुढे आला. तळहातावर अंडं होतं. जयप्रकाशने ते दोन बोटांनी, गरम कप उचलावा तसं उचललं आणि पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. आगाश्यांच्या घराण्यात अंड्याला हात लावणारा तो पहिलाच.

भिंतीपलीकडची रुकय्या सत्तरीची, विधवा. सगळी गल्ली तिला हज्जिया म्हणायची. तिच्या नवऱ्याचं जवळच्या जिदहफ्सच्या बाजारात कापडाचं दुकान होतं, तिथल्या मुंबईच्या माणसांकडून ती हिंदी शिकली होती आणि बोलताना व्याकरणाची फारशी भीडभाड ठेवत नसे. जयप्रकाशला ती मुहंदिस म्हणे, म्हणजे इंजिनियर; आणि त्याने इथे उचललेलं मफी म्हणजे नाही. आखातातल्या नोकरीतला नऊ वर्षांचा शेजार, पण ईदच्या खजुरांपलीकडे देणंघेणं नव्हतं. बाईमाणसाच्या अंगणात डोकावू नये म्हणून तो भिंतीकडे कधी मान वर करून बघतही नसे.

जानेवारीत एका मुंगसाने हज्जियाची दोन पिल्लं आणि एक कोंबडी नेली. तिचा मुलगा नझीर इथल्याच तुबली भागात गॅरेज चालवतो. तो विषाची पुडी घेऊन आला तेव्हा जयप्रकाश नेमका मागच्या दारात कपडे वाळत घालत होता. पलीकडचं बोलणं ऐकून तो स्वतःच्याही नकळत मध्ये पडला. विष नको, एखादं मांजर खाईल, एखादं पोर हात लावेल, मी पकडून देतो, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. ज्या माणसाने जन्मभर झुरळ मारायला बायकोला हाक मारली, त्याने हे बोलावं म्हणजे जरा जास्तच झालं. पण शब्द तोंडातून गेला होता.

पिंजरा सॅब्रिनाने दिला. ही ओळखीतली मुलगी, मूळची वसईची. हॉस्पिटलात रिसेप्शनला होती आणि सुट्टीच्या दिवशी भटकी मांजरं पकडून डॉक्टरकडे न्यायची. देताना तिने बोटांवर मोजून नियम सांगितले. पिंजरा सावलीत पाहिजे, आत पाणी पाहिजे, हातात जाड मोजे पाहिजेत. तो घरात नसेल तेव्हा दार बंदच, नाहीतर उन्हात जनावर भाजून निघेल.

"आणि अंकल, सापडलं की मला फोन करायचा. गाडीत घालून कुठेतरी सोडून आलात असं नको. परवानगी असलेली माणसं आहेत, पुढचं ती बघतील."

पहिले तीन दिवस जयप्रकाशने पिंजऱ्यात दहीभात ठेवला. वर साजूक तूपही घातलं. मुंगूस दुरून येऊन हुंगून गेलं. हे ऐकून सॅब्रिना फोनवर इतकी हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अंकल, तो काय मुंजीला आलाय? मांस ठेवा, मासळी ठेवा. गेलाबाजार अंडं तरी ठेवा."

चौथ्या दिवशी त्याने हा पेच हज्जियाला सांगितला आणि तेव्हापासून रोज पहाटे भिंतीवरून अंडं येऊ लागलं. मुंगसाने न शिवलेलं अंडं तो सात वाजता पिंजरा बंद करताना काढून घ्यायचा, संध्याकाळी परतल्यावर तेच घालून पिंजरा रात्रभर लावून ठेवायचा आणि पहाटे नवं आलं की जुनं कंपनीच्या ड्रायव्हरला द्यायचा.

मथुराला हे सगळं त्याने एका संध्याकाळी फोनवर रंगवून सांगितलं. मथुरा म्हणजे त्याची बायको. मुलीच्या, कश्मिराच्या, बाळंतपणासाठी ती तीन महिने म्हणून पुण्याला गेली, त्याला आता चौदा महिने झाले होते. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. तिथे तिच्यावाचून अडत होतं आणि इथे अडत नव्हतं, एवढंच.

"अहो, रोज दिसतंय मुंगूस? मग चांगला शकुन आहे की. पकडताय कशाला?"

"शेजारणीच्या कोंबड्या खातंय."

"कुठल्या शेजारणीच्या?" तिने विचारलं, आणि लगेच, "थांबा हं, बाळ उठलं."

तो फोन धरून थांबला. तिकडे पाळण्याची कडी वाजत राहिली. मग कोणीतरी फोन बंद केला.

गजर व्हायच्या आधीच जाग येते आहे, हे जयप्रकाशच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मागच्या दारी जाऊ लागला होता. मुंगसासाठी कोणी दाढी करत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण ऑफिसात दिवसभर लोक त्याला विचारत ते इमारती थंड ठेवणाऱ्या चिलर यंत्रांबद्दल. एखादं माणूस आपली वाट बघत उभं आहे आणि आपण बाहेर आल्याबरोबर ते काहीतरी विचारणार आहे, हे सुख फार दिवसांत मिळालं नव्हतं. आणि बोलणं लांबतही चाललं होतं. हज्जियाचे गुडघे, नझीरच्या मुलांचं इंग्रजी, तिच्या लहानपणचे गोड्या पाण्याचे झरे. मथुराबद्दल ती कधी विचारत नसे. फक्त एकदा म्हणाली, "घर में आवाज नहीं आता," आणि तो "हां" म्हणाला.

बाराव्या दिवशी मुंगूस सापडलं.

तो बाहेर आला तेव्हा गोणपाट हलत होतं. त्याने कड उचलून पाहिलं. करड्या अंगाचं, लालसर डोळ्यांचं ते जनावर मागच्या जाळीला अंग चिकटवून बसलं होतं. फोन खिशातच होता. सॅब्रिना अर्ध्या तासात आली असती. भिंतीपलीकडे चपला घासत येण्याचा आवाज झाला, खोकं सरकवल्याचा आवाज झाला. हज्जिया त्या खोक्यावर चढून उभी राहत असे. जयप्रकाशने पिंजऱ्याचं दार वर उचललं. मुंगूस त्याच्या पायाजवळून सुसाट निघून गेलं.

"मिला?"

"मफी, हज्जिया."

त्या दिवशी ऑफिसात त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपण एका म्हाताऱ्या बाईशी खोटं बोललो, आणि तेही का, तर उद्याही तिने यावं म्हणून. त्यानंतर चौथ्या दिवशी हज्जियाने सांगितलं, मुंगसाने रात्री अजून एक कोंबडी नेली. चांगली अंडी देणारी, लाल. ऐकून जयप्रकाशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कोंबडी त्यानेच मारली होती. हज्जियाचं सांत्वन करायलाही त्याला तोंड नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, आता सापडलं की तिथल्या तिथे फोन. मग सकाळ गेली तरी चालेल.

मुंगूस शहाणं झालं होतं. ते पुन्हा पिंजऱ्यात शिरायला दोन आठवडे गेले.

या वेळी त्याने गोणपाट उचलण्याआधी चष्मा लावला, मोजे चढवले, नीट वाकून पाहिलं. जखम नव्हती. वाटीतलं पाणी सांडलं होतं, ते जाळीतून त्याने पुन्हा भरलं. सॅब्रिनाला फोन केला. ती नाइट ड्यूटी संपवून निघतच होती, वीस मिनिटांत पोचते म्हणाली. हे सगळं त्याने पटापट केलं, म्हणजे मधे विचार करायला सवड राहू नये. मग भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

चपला घासत आल्या. खोकं सरकलं.

"मुहंदिस, मिला?" आणि त्याने तोंड उघडायच्या आत हात पुढे आला.

सवयीने त्याने अंडं घेतलं. डोळ्यांवर चष्मा होता. अंड्यावर लाल शाईत बारीक आकडे उमटवलेले होते. दिवस, महिना, वर्ष. ही तारीख कोंबडी घालत नाही, एवढं अंडं न खाणाऱ्यालाही कळतं.

दुकानातलं अंडं होतं. जयप्रकाश ते हातात फिरवत राहिला. पलीकडून क्लक्‌क्लक्‌ ऐकू येऊन किती दिवस झाले? महिनाभरापूर्वी नझीरने पिकअपमध्ये जाळीची खोकी चढवली होती. खुराडं दुरुस्तीला चाललं असेल असं त्याला वाटलं होतं. म्हणजे कोंबड्या तेव्हाच गेल्या. आणि चांगली अंडी देणारी ती लाल कोंबडी? तिच्यासाठी तो दोन आठवडे मनाला लावून घेत होता, आणि ती तेव्हा इथे नव्हतीच. रोज पहाटे ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी खोक्यावर चढत होती ते कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं अंडं त्याच्या हातात द्यायला. आणि आजवर आलेल्या अंड्यांकडे त्याने एकदाही नीट बघितलं नव्हतं.

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. भिंतीच्या कडेवर हज्जियाचा सुरकुतलेला, वाट बघणारा चेहरा होता.

खोटं बोलता आलं असतं. पण सॅब्रिना निघाली होती आणि मागे पिंजऱ्यात जनावर खडबडत होतं.

"मिल गया, हज्जिया."

"अल्हम्दुलिल्ला," ती म्हणाली, पण समाचाराला आलेल्या माणसाच्या आवाजात. "खलास, तो?"

"खलास."

ती खोक्यावरून उतरली नाही. डोक्यावरचं काळं वस्त्र तिने विनाकारण सारखं केलं. त्याच्या हातातल्या अंड्याकडे तिची नजर गेली आणि तिथून बाजूला वळली. त्याने तारखेची बाजू मुठीत झाकून घेतली.

"ये जनावर," ती म्हणाली, "अकेला रहता क्या, मुहंदिस?"

महिन्याभरात जयप्रकाशने मुंगसाबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. एकटं राहणारं, एकटं हिंडणारं, एकटंच शिकार करणारं जनावर.

"नहीं, हज्जिया," तो म्हणाला. "अकेला कौन रहता है? दूसरा होगा. दो-तीन भी होंगे."

हज्जियाने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग गंभीरपणे मान हलवली.

"तो कल फिर लगाव," ती म्हणाली. "अंडा मैं लाएगी."

पुढच्या दाराची बेल वाजली. जयप्रकाश लगबगीने घरातून गेला, दार उघडलं आणि सॅब्रिना आत यायच्या आधीच तिला विचारलं, तिच्याकडे आणखी एक रिकामा पिंजरा आहे का.